कारखान्याच्या दारातले संगीत

वयात येणाऱ्या मुलाच्या खोलीतून कर्कश गिटार ऐकू आली, की वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. ‘हेवी मेटल’ म्हणजे सुखवस्तू घरांतील पोरांचे थेर, अशी सर्वसाधारण समजूत आहे. या संगीताचा उगम पाहिला, तर ती टिकत नाही.

बर्मिंगहॅम हे इंग्लंडमधील धातुकामाचे शहर. तेथील टोनी आयोमी हा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात नोकरीला होता. एका वाद्यवृंदाबरोबर परदेशी दौऱ्यावर जाण्याची संधी आल्याने १९६५ मध्ये, सतराव्या वर्षी, त्याने नोकरी सोडली. अखेरच्या दिवशी जेवणाच्या सुटीनंतर परत जाऊ नये, असे त्याच्या मनात होते. पण हातचे काम पुरे करावे, असा आईचा आग्रह पडला. त्याच दुपारी यंत्राखाली सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबणारा हात नेमका हाच.

कारखान्यातील वरिष्ठाने त्याला एक ध्वनिमुद्रिका आणून दिली. ती होती आगीत भाजून दोन बोटे निकामी झालेल्या जँगो राइनहार्ट या वादकाची. मुलाला उमेद आली. प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांसाठी टोपणे केली, त्यांवर चामडे चढविले, हलक्या तारा लावल्या आणि पुढे त्या उतरवून सैलही केल्या. त्यातून निघालेला जड, खर्जातील स्वर या संगीताचा पाया ठरला. खाटीकखान्यात राबलेला ऑझी ऑस्बोर्न, हिशेबनिसाची उमेदवारी केलेला गीझर बटलर आणि बिल वॉर्ड हे त्याचे सोबती. या चौघांच्या ‘ब्लॅक सॅबथ’ची पहिली ध्वनिमुद्रिका १३ फेब्रुवारी १९७० रोजी निघाली.

यावरून संकटे माणसाला घडवितात, असा सोयीस्कर निष्कर्ष मात्र काढू नये. यंत्राने बोटे गमावलेले सारेच कामगार कलावंत होत नाहीत. तुटलेल्या बोटांची नुकसानभरपाई आकड्यांत मांडता येते. सतराव्या वर्षीची आकांक्षा कोणत्याही ताळेबंदात बसत नाही. येथे ती वाचली, कारण एका वडीलधाऱ्याने वेळीच आस्था दाखविली आणि बरोबरीचे सोबती मिळाले.

५ जुलै २०२५ रोजी ॲस्टनच्या व्हिला पार्क मैदानावर, आपल्या जुन्या वस्तीतच, हे चौघे वीस वर्षांनी एकत्र आले. २२ जुलैला ऑस्बोर्न निवर्तला. मुलाच्या खोलीचे दार लोटून आवाज बंद करण्यापूर्वी, तो काय ऐकतो आहे हे त्याला एकदा विचारावयास काय हरकत आहे?