समाप्तची पाटी

माझी नात पाच वर्षांची आहे. पुण्यात तिच्या घरी टीव्ही आहे; पण केबल नाही आणि गच्चीवर डिशही नाही. जे पाहायचे ते इंटरनेटवरून, हवे तेव्हा. दिवाळीच्या सुटीत ती आमच्याकडे मिरजेला आली. आमच्याकडे अजून डिश आहे. दुपारी चारचे कार्टून लागले होते. मध्येच ती उठली आणि म्हणाली, ‘‘नाना, थांबवून ठेवा, मी शू करून येते.’’ मी म्हटले, ‘‘बेटा, हा टीव्ही थांबत नाही.’’ ती परत आली तेव्हा गोष्ट पुढे निघून गेली होती आणि साबणाची जाहिरात चालू होती. तिला रडू आवरेना.

मुलगी झाली तेव्हाच माझ्या लेकीने आणि जावयाने केबल काढून टाकली होती. बातम्यांतला आरडाओरडा नको, मालिकांमधली कारस्थाने नकोत आणि जाहिराती तर नकोतच, असा त्यांचा विचार. तो चुकीचा नव्हता. आपल्याकडच्या नियमानुसार वाहिन्यांना तासाला बारा मिनिटांपर्यंत जाहिराती दाखवता येतात, म्हणजे वेळेचा पाचवा हिस्सा. माझी नात दुकानात गेली की नाव घेऊन चॉकलेट मागत नाही. तिला ती नावेच ठाऊक नाहीत. याचे मला कौतुक वाटते.

पण केबलबरोबर आणखी एक गोष्ट घराबाहेर गेली, ती कुणाच्या लक्षात आली नाही. ती म्हणजे कार्यक्रम संपणे.

जुना टीव्ही नगरपालिकेच्या नळासारखा होता. पाणी ठरल्या वेळी येणार, सगळ्या गल्लीला एकदम येणार आणि ठरल्या वेळी जाणार. १९८४ च्या सुमारास दूरदर्शनचे छोटे प्रक्षेपक गावोगाव उभे राहिले, तेव्हा मी शाळकरी मुलगा होतो. पुढे १९८७ मध्ये ‘रामायण’ सुरू झाले. रविवारी सकाळी आमच्या मोहल्ल्यातही ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या दारात चपलांचा ढीग असायचा. मालिका संपली की चपला शोधत सगळे घरी. पुढचा भाग पुढच्या रविवारी. मधले सात दिवस आम्ही पोरे त्याच गोष्टी आपसात खेळायचो. आम्हाला शिस्त होती असे नाही. दुसरा इलाजच नव्हता.

आताचे पाहणे घरच्या बोअरसारखे आहे. बटण दाबले की पाणी. सोय मोठी आहे, पण टाकी भरली की मोटर बंद कुणीतरी करावी लागते. इथे एक भाग संपतो न संपतो तोच दुसरा आपोआप सुरू होतो. पाहणारा उठून जाऊ नये, अशीच ती रचना आहे. मोठ्यांना तिथून उठवत नाही. पाच वर्षांच्या मुलीने कसे उठावे?

माझीच चूक सांगतो. गेल्या वर्षी लेक कामावर गेली होती आणि मी पुण्यात नातीला सांभाळत होतो. मला एका कवितासंग्रहाची मुद्रिते तपासायची होती. तिला एक कार्टून लावून दिले आणि शेजारीच बसलो. बऱ्याच वेळाने पडद्यावर प्रश्न उमटला : अजून पाहताय का? भाग किती झाले होते, मलाही ठाऊक नव्हते. नात डोळे तारवटून बसली होती. शेजारी नाना असून जे विचारायचे ते यंत्राने विचारले. ते मला फार लागले.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे, की दोन वर्षांखालील बाळांना पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा अधिक नको. कमी असेल तर उत्तमच. आपल्या सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार या सेवांना कार्यक्रमावर वयोगट लिहावा लागतो आणि तेरा वर्षांवरील मुलांसाठीच्या कार्यक्रमांना पालकांना कुलूप लावता येईल, अशी सोयही द्यावी लागते. काय पाहू नये, याची काळजी कुलूप घेईल. पण किती पाहावे आणि केव्हा उठावे, हे घरातल्या माणसानेच ठरवायला हवे.

लेकीने आता तीन गोष्टी केल्या आहेत. पुढचा भाग आपोआप लागणे सेटिंगमध्ये जाऊन बंद केले. टीव्ही लावण्याआधी काय आणि किती भाग पाहायचे ते ठरते, आणि शेवटी बटण नातच बंद करते. जेवताना पडदा नाही. पहिला आठवडा रडारडीचा गेला. नंतर एके दिवशी नातीने उशा मांडून त्या कार्टूनचा पुढचा भाग स्वतःच रचला आणि आईला प्रेक्षक म्हणून बसवले.

आता राहिले मिरजेचे. त्या रडण्यानंतर चार दिवस ती आमच्याकडे होती. दुसऱ्या दिवसापासून पावणेचारलाच शू करून घड्याळासमोर बसू लागली. मोठा काटा बारावर आला की टाळ्या. निघताना तिने नानीला विचारले, ‘‘हे चार वाजताचे कार्टून आमच्या घरी लागेल का?’’

नानीने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, ‘‘लागेल की. अम्मीला सांग, चार वाजताच लावायचे.’’