इंग्रजांना दाखवायला

पगार, चावी, बटाटा हे शब्द पोर्तुगीजांकडून मराठीत आले, हे आपल्याला ठाऊक असते. शब्द समुद्र ओलांडतात. वाक्प्रचार मात्र बहुधा घरीच राहतात. अशाच एकाची हकिगत आज सांगतो.

ब्राझीलमधल्या पोर्तुगीज भाषेत म्हणतात, 'पारा इंग्लेस व्हेर'. म्हणजे 'इंग्रजांना दिसावे म्हणून'. साहेब तपासणीला येणार म्हणून रातोरात भिंतींना चुना फासला, तर तिथला माणूस हेच म्हणेल. आपण म्हणतो, हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे.

पण इथे इंग्रज आला कुठून? काहीजण १८०८ सालची गोष्ट सांगतात. नेपोलियनच्या भीतीने निघालेला पोर्तुगालचा राजपुत्र इंग्रजी जहाजांच्या सोबतीने बाहियाला पोचला आणि तिथली रोषणाई पाहून हे उद्गारला म्हणे. अधिक प्रचलित व्युत्पत्ती मात्र कडू आहे. गुलामांचा व्यापार थांबवा, असा ब्रिटनचा दबाव होता. ब्राझीलने १८२६ मध्ये करार केला आणि ७ नोव्हेंबर १८३१ रोजी कायदाही केला. बाहेरून आणलेला प्रत्येक गुलाम देशात पाऊल ठेवताच मुक्त! पण मळेवाल्यांना माणसे हवी होती. जहाजे आडबाजूच्या किनाऱ्यांना लागू लागली. १८५० मध्ये दुसरा कडक कायदा येऊन व्यापार बंद पडेपर्यंत सात लाखांहून अधिक आफ्रिकी माणसे आणली गेली. पहिला कायदा इंग्रजांना दाखवण्यापुरताच होता, असे लोक म्हणू लागले.

इथे मला एक कवी आठवतो, लुईस गामा. जन्म बाहियाचा, १८३० चा. आई मुक्त आफ्रिकी स्त्री. तो दहा वर्षांचा असताना गोऱ्या बापानेच त्याला विकले. सतराव्या वर्षी तो अक्षरे शिकला, गुलामीतून सुटला आणि १८५९ मध्ये त्याचा कवितासंग्रह निघाला. कायद्याची पदवी नसतानाही तो गुलामांची बाजू मांडत कोर्टात उभा राहिला. हातात काय होते? तोच १८३१ चा कायदा. या माणसाला त्यानंतर देशात आणले, म्हणजे तो गुलाम नाहीच, असे तो न्यायाधीशांना सांगे. अशा खटल्यांतून त्याने पाचशेहून अधिक माणसे सोडवली. तो १८८२ मध्ये वारला. गुलामगिरी संपली १८८८ मध्ये.

नुसते कागदी घोडे म्हणून आपणही कायद्यांना हसतो. हसावे जरूर, पण तो कागद जपून ठेवावा. कुणीतरी तो घेऊन कोर्टात जाईल.