मशीन आलं, आता गिऱ्हाईक कुठून आणायचं?



मार्केटिंगचं प्रशिक्षण म्हटलं की आपल्याकडे पापड, लोणची, मसाले, त्यांची पाकिटं आणि पाकिटावरचं लेबल यावरच बोलणं होतं. प्रदर्शनं भरतात तीही बहुतेक मालाचीच. मुंबईचं महालक्ष्मी सरस असो की पंचायत समितीच्या आवारातले चार स्टॉल, टेबलावर मांडायला काहीतरी वस्तू लागते. मग शिलाई करणारी, पार्लर चालवणारी, दळण-कांडप करून देणारी, लग्नाच्या चपात्यांची ऑर्डर घेणारी ताई मागच्या रांगेत बसते आणि मनात म्हणते, हे काही आपल्यासाठी नाही. हा लेख त्या मागच्या रांगेसाठी आहे.

मालाचा धंदा आणि सेवेचा धंदा यात एक मोठा फरक आहे. पापड आज खपला नाही तर डब्यात राहतो, पुढच्या आठवडी बाजारात खपतो. पण तुमची पिठाची गिरणी मंगळवारी दुपारभर रिकामी राहिली, तर ती दुपार बुधवारी विकता येत नाही. गेली ती गेली. हप्ता मात्र त्या दुपारचाही भरावा लागतो.

दुसरं म्हणजे पापड चाखून घेता येतो. ब्लाऊज अंगात घातल्याशिवाय कळत नाही. बाई तुमच्याकडे कापड देते ते भावानं भाऊबीजेला घेतलेल्या साडीचं असतं. एकदा कात्री लागली की ते कापड काही परत जोडता येत नाही. म्हणून ती आधी शेजारणीला विचारते, "तू तिच्याकडे शिवलं होतंस ना गं? कसं शिवते?" या प्रश्नाला शेजारीण काय उत्तर देते, तेच आपलं मार्केट. बाकी बोर्ड, कार्ड, मोबाईल हे सगळं त्याच्या मागून येतं.

आता वही-पेन घ्या आणि थोडा हिशोब करू. समजा गटातून ३०,००० रुपये घेऊन शिलाई मशीन आणि पिको मशीन आणलं. महिन्याचा हप्ता १,५०० रुपये. साधा ब्लाऊज शिवायचे १५० मिळतात, त्यातले दोरा, हूक, लाईट याचे २० गेले, हातात राहिले १३०. म्हणजे नुसता हप्ता भरायला महिन्याला १२ ब्लाऊज शिवावे लागतात. घरात दीड हजार यावेत असं वाटत असेल तर आणखी १२. तुमच्या गावचा दर वेगळा असेल, तुमचे आकडे घाला.

आता त्याच पानावर खाली त्या १२ बायकांची नावं लिहा. "गावातल्या बायका" असं लिहायचं नाही. नाव, आळी, शेवटचं काम कधी दिलं. कर्जाच्या वेळी आपण कोटेशन आणतो, मशीनची कंपनी ठरवतो, जामीन कोण ते बघतो, पण गिऱ्हाइकांची नावं कोणी विचारत नाही. माझं तर म्हणणं आहे की गटानं कर्ज मंजूर करताना ही यादी मागावी. बहुतेक जणींची नावं सहा-सातवर अडकतात. घाबरू नका. मार्केटिंग म्हणजे राहिलेली पाच नावं शोधायचं काम. मी समाजकार्य शिकले, व्यापार नाही, पण गावात फिरताना मला याहून सोपा अर्थ सापडलेला नाही.

ती पाच नावं नव्या माणसांत शोधण्याआधी जुन्यांकडे जा. ज्या बाईला काम आवडलं होतं तिला सरळ विचारायचं, "काकू, ब्लाऊज बरोबर बसला ना? मग तुमच्या सुनेला, जावेला सांगा की." यात लाज कसली? डॉक्टरचा पत्ताही आपण असाच एकमेकींना देतो. मात्र विचारायचं ते काम हातात देताना, तिचा चेहरा खुललेला असताना. दोन महिन्यांनी विचारलं तर तिला ब्लाऊजचा रंगसुद्धा आठवत नाही.

मग येतो हंगाम. उन्हाळ्यात मिरची-मसाल्याचं कांडप, जूनमध्ये गणवेश, श्रावणापासून सण, दिवाळीआधी भाजणीचं दळण, तुळशीची लग्नं लागली की लग्नसराई. हे आपल्याला पाठ असतं, तरीही आपण हंगाम दारात आल्यावर बोलायला लागतो. तोवर बाई तालुक्याला जाऊन शिवायला टाकून आलेली असते. शाळा १५ जूनच्या सुमारास उघडते तर मे महिन्यातच मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांना भेटा. लग्नाची सुपारी फुटली की नवरीच्या आईला भेटा. पितृपंधरवड्यात नवं काम कोणी टाकत नाही, तेव्हा जुने ब्लाऊज उसवून मोठे करणं, साड्यांना फॉल लावणं, बाजूच्या मुलींना शिकवणं अशी कामं घ्या.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदी-कुंकू चालतं. वाण म्हणून प्लास्टिकची वाटी देतोच, त्याबरोबर आपल्या कामाची आणि नंबरची चिठ्ठी द्या. आणि एक सांगते, विधवा ताईंना वगळून हळदी-कुंकू करायचं असेल तर ते करू नका. माणुसकीनं तर नाहीच, धंद्याच्या हिशोबानंही ते परवडत नाही. त्याही ब्लाऊज शिवतात, दळण आणतात.

यादी पूर्ण झाली की तिच्याकडे आणखी एकदा नीट बघा. सगळी नावं एकाच आळीची आहेत का? सगळं काम एकाच शाळेचं आहे का? मुंबईच्या गिरणगावात कापड गिरण्यांतल्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका होत्या. गाव सोडून आलेले गडी त्यांच्याकडे महिन्याच्या हिशोबानं जेवायचे. या बायकांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, सावकाराच्या जागी बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आपल्या बचत गटांच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. त्या बायकांना बोर्ड लावावा लागत नव्हता, एका गावचा माणूस दुसऱ्याला घेऊन यायचा. पण १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि गिऱ्हाइकांचे पगारच थांबले. जेवण तेच, हाताला चव तीच, पण जेवणाराच्या खिशात पैसा नाही. अन्नपूर्णा पुढे बाहेरच्या ऑर्डरी घेऊन जेवण पुरवण्याच्या कामातही उतरली. आपल्याकडे संप नसेल, पण कारखान्यानं उसाचं बिल लांबवलं की सगळ्या ऊसवाल्या घरांचा खर्च एकदम थांबतो. म्हणून यादीत अंगणवाडीताई, शाळेच्या बाई, दवाखान्यातल्या सिस्टर अशी महिन्याच्या पगाराची दोन-चार नावं असू द्या.

आता अवघड विषय, पैशाचा. "घरातलीच तू, तुला काय पैसे द्यायचे?" हे वाक्य ऐकलं नाही अशी एकही ताई मला भेटलेली नाही. नणंद म्हणते, चुलत सासू म्हणते, गटातली मैत्रीणही म्हणते. तोंडानं दर सांगायला जड जातं, म्हणून भिंतीला बोलू द्या. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात दरपत्रक लिहा आणि मशीनच्या वर लावा. साधा ब्लाऊज इतके, अस्तरचा इतके, पिको-फॉल इतके. नात्यातल्यांना सूट द्यायची तर द्या, १५० चे १३० घ्या, पण फुकट नको. फुकट कामाची गावात किंमत राहत नाही, आणि "मला का गं पैसे लावलेस?" असं विचारणाऱ्या दहाजणी तयार होतात. उधारी पूर्ण बंद होणार नाही हे मलाही कळतं. मग उधारीचा वार ठरवा. ज्या घरी दुधाचं बिल दहा दिवसांनी होतं त्यांच्याकडे बिलाच्या दुसऱ्या दिवशी जायचं, महिनाअखेरीला नाही.

कामाची तारीख हीसुद्धा जाहिरातच आहे, चांगली किंवा वाईट. "गुरुवारी देते" म्हणालात तर गुरुवारी द्या. हळदीच्या आदल्या रात्रीपर्यंत नवरीचा ब्लाऊज मिळाला नाही ही बातमी गावात पोचायला मोबाईलही लागत नाही. हातात काम जास्त असेल तर "या आठवड्यात जमणार नाही, पुढच्या सोमवारी देईन" असं स्पष्ट सांगा. वाईट वाटतं, पण जी बाई खरं सांगते तिच्याकडे लोक परत येतात. दुसरी शिवणारी ताई गटात असेल तर काम तिच्याकडे पाठवा, उद्या तीही तुमच्याकडे पाठवेल.

बोर्डाबद्दल जरा जास्त बोलणार आहे, कारण गावोगावी मला एकच गोष्ट दिसते. बोर्डावर वर देवाचं नाव, मध्ये दुकानाचं नाव, खाली "प्रो. प्रा." म्हणून मालकांचं नाव आणि मालकांचाच मोबाईल नंबर. मशीन गटाच्या कर्जाचं, हप्ता ताईच्या पासबुकातून, शिवते ताई, आणि फोन वाजतो तो शेतात नाहीतर एसटी स्टँडवर. पलीकडची बाई विचारते, "परवापर्यंत पिको करून मिळेल का?" मालक म्हणतात, "विचारून सांगतो." संध्याकाळी सांगायचं राहून जातं. बाई दुसरीकडे जाते. आपल्याला कळतही नाही की एक गिऱ्हाईक येऊन गेलं. मालकांचा हेतू वाईट नसतो, फोन घरात एकच असतो किंवा "बाईचा नंबर बाहेर कशाला" असं वाटतं. बिनओळखीचे फोन येतात, हेही खरं आहे. मग धंद्याचं वेगळं सिम घ्या, रात्री बंद ठेवा, पण ते तुमच्या हातात राहू द्या. बोर्डावर तुमचं स्वतःचं नाव, कोणतं काम करता, कुठे, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत आणि तुमचा नंबर, एवढं पुरतं. जागा उरली तर देवाचं नाव जरूर घाला.

नंबर बाहेर गेला की एक सावधगिरी. कोणी फोनवर मोठी ऑर्डर देतो, साहेब असल्याचं सांगतो आणि "ॲडव्हान्स पाठवतोय, तुमचा पिन टाका" म्हणतो, तर फोन ठेवून द्या. पैसे घेताना पिन कधीच टाकावा लागत नाही, पिन फक्त पैसे देताना लागतो.

व्हॉट्सॲपचं स्टेटस तुम्ही ठेवता, पण ते कोणाला दिसतं माहीत आहे? ज्यांचा नंबर तुमच्याकडे सेव्ह आहे आणि ज्यांच्याकडे तुमचाही सेव्ह आहे, त्यांनाच. म्हणून काम देताना गिऱ्हाइकाला म्हणा, "ताई, माझा नंबर आत्ताच सेव्ह करा," आणि तिचा आपल्याकडे करून घ्या. धंद्यासाठी व्हॉट्सॲप बिझनेस हे वेगळं ॲप फुकट मिळतं, त्यात कामाचे फोटो, वेळ, पत्ता कायम ठेवता येतो. फोटो उजेडात काढा, मागे खरकटी भांडी नकोत. नवरीचा मेकअप केला असेल तर तिला विचारल्याशिवाय तिचा फोटो टाकायचा नाही. हातावरची मेंदी किंवा ब्लाऊजचा गळा दाखवला तरी काम दिसतं. रोज सकाळी फुलांचे सुप्रभात मेसेज पाठवत असाल तर ते थांबवा, नाहीतर लोक तुमचं नाव दिसलं की उघडतच नाहीत.

शेवटी गटातल्या बाकीच्या ताईंना सांगायचं आहे. आपल्या गटातल्या एकीनं कर्ज काढून पार्लर टाकलं आणि आपण भुवया करायला तालुक्याला जातो, येण्याजाण्याचं भाडं वेगळं देतो. तिचा हप्ता थकला की बैठकीत आपणच तिला बोलतो. तिचा हप्ता आला नाही तर पुढच्या नंबरावर असलेलीचं कर्ज अडतं, आणि ती पुढची कदाचित तुम्हीच असाल. काम आवडलं नाही तर तिला तोंडावर सांगा, कुठे बिघडलं ते दाखवा, पण आधी एकदा तिच्याकडे जाऊन तर बघा.

येत्या मासिक बैठकीत बचत गोळा झाल्यावर दहा मिनिटं यासाठी ठेवू. ज्यांचा सेवेचा धंदा आहे त्यांनी उभं राहून काम, दर आणि वेळ सांगायची, आणि सचिव ताईंनी ते गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकायचं. ज्यांची नावांची यादी बारापर्यंत गेली नाही त्यांनी ती घेऊन या, बाकीच्या जणी नावं सुचवतील. आणि ज्यांनी बोर्ड रंगवायला टाकलाय त्यांनी बैठकीची वाट बघू नका. पेंटरला आजच फोन करून कोणाचा नंबर लिहायला दिलाय ते बघा.