जलपाशाची दारे आणि पाण्याची पातळी

सुरतेच्या पश्चिमेस हजीऱ्याच्या वाटेवर इच्छापोर हे गाव आहे. तेथून काही अंतरावर सुवाळीचा समुद्रकिनारा लागतो. सतराव्या शतकात सुरत हे मोठे व्यापारी बंदर होते. तथापि तापीचे मुख उथळ असल्याने मोठी जहाजे सुवाळीसच नांगर टाकीत आणि माल तेथून सुरतेस नेला जाई. पुरेसे खोल पाणी सर्व वेळ कसे मिळावे, हाच बंदरांपुढील प्रश्न होता.

मुंबईच्या प्रिन्सेस (१८८०) व व्हिक्टोरिया (१८८८) या गोद्यांत जहाजे भरतीच्या वेळीच ये-जा करू शकत. १९१४ मध्ये सुरू झालेल्या अलेक्झांड्रा गोदीस, म्हणजे आजच्या इंदिरा गोदीस, २२८.६ मीटर लांब व ३०.५ मीटर रुंद असा जलपाश बांधण्यात आला. त्यामुळे भरती असो वा ओहोटी, जहाज आत घेणे शक्य झाले.

जलपाश म्हणजे दोन्ही टोकांस दारे असलेला लांबट हौद होय. ओहोटीच्या वेळी समुद्राची पातळी खाली व गोदीतील पाण्याची वर असते. अशा वेळी प्रथम हौदातील पाणी समुद्राच्या पातळीस आणतात, बाहेरचे दार उघडतात व जहाज आत घेतात. ते दार बंद केल्यावर उंच बाजूचे पाणी झडपांच्या वाटे हौदात सोडले जाते. पाण्याबरोबर जहाज वर चढते. दोन्ही पातळ्या सारख्या झाल्यावरच आतील दार उघडते. बाहेर जाताना हाच क्रम उलटा होतो.

पातळ्या सारख्या होण्यापूर्वी दार का उघडत नाही? पातळीत १ मीटर फरक असेल, तर खालच्या पातळीखाली दाराच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १ टन अधिक दाब येतो. अनेक कालव्यांत दाराच्या दोन फळ्या उंच पाण्याकडे टोक करून मिटतात. त्यामुळे हा दाबच त्यांना अधिक घट्ट बसवितो. मुंबईच्या जलपाशाएवढ्या हौदाची पातळी १ मीटर चढविण्यास सुमारे ७० लाख लिटर पाणी लागते. ते एकदम सोडल्यास जहाजाचे दोर तुटण्याचा धोका असतो. म्हणून पाणी हळूहळू सोडतात, आणि पातळीत फरक असताना दोन्ही दारे एकाच वेळी कधीही उघडत नाहीत.

शेतीच्या कालव्यावर जहाजे नसतात, परंतु नियम तोच आहे. पाटावरील दार एकाएकी उघडल्यास लोंढ्याने चारीचा भराव फुटू शकतो. भरलेला कालवा एकदम रिकामा केल्यास आतून ओला झालेला काठ ढासळतो. परस्पर दार उचलणारा शेतकरी आपल्या पिकास चार घटका आधी पाणी देतो खरा. पण भराव फुटला तर त्याच्या शेतासह शेवटच्या टोकावरील शेतेही कोरडी राहतात. म्हणून दाराची किल्ली पाटकऱ्याच्याच हाती असावी आणि पाणी टप्प्याटप्प्याने वाढवावे, यात सर्व गावाचे हित आहे.