'सीमेवरची चकमक' नेमकी कशी मोजायची?

सिनॉप्सिसच्या तयारीत असलेलं कुणी ना कुणी दरवर्षी सांगतंच, "विषय ठरला, काश्मीर सीमेवरच्या चकमकी." विषय दमदार आहे. पण 'सीमा' आणि 'चकमक' हे दोन शब्द आधी सोडवून घ्या, नाहीतर पुढे आकडे जुळत नाहीत. आपल्या जामवरून जाणारा ४४ क्रमांकाचा महामार्ग श्रीनगरचा खरा, तरी विदर्भात चकमक म्हटलं की आधी गडचिरोलीच आठवते. काश्मीरचं गणित वेगळं.

साताऱ्याच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक यांचं उदाहरण घेऊ. ४१ राष्ट्रीय रायफल्सचे ते कमांडिंग ऑफिसर. १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाडा जिल्ह्यातल्या जंगलात दहशतवाद्यांशी लढताना त्यांना वीरमरण आलं. बोलताना आपण सहज 'सीमेवर' म्हणतो. पण ती जागा नियंत्रण रेषेच्या अलीकडे, आपल्या हद्दीत. आणि नियंत्रण रेषा म्हणजे आंतरराष्ट्रीय सीमा नव्हे. ती १९७२ च्या सिमला करारानंतर आखलेली. तारेचं कुंपणही नेमकं रेषेवर नाही, आत सरकवलेलं आहे. म्हणजे रेषेवर, रेषा आणि कुंपण यांच्या मधे, की कुंपणाच्या आत, हे प्रत्येक नोंदीत बघावं लागतं.

आता डेटाबेस. उप्साला विद्यापीठाच्या यूसीडीपीमध्ये घटनेची नोंद व्हायला किमान एक मृत्यू लागतो. एसीएलईडी मृत्यू नसलेल्या घटनाही घेतं. घुसखोरीचा प्रयत्न उधळला, कुणी दगावलं नाही, तर ती घटना पहिल्यात नाही, दुसऱ्यात असू शकते. शिवाय यूसीडीपी भारत सरकारच्या विरुद्ध बाजूला 'काश्मीर बंडखोर' असं एकच नाव लावतं. लष्कर-ए-तैयबा, हिजबुल मुजाहिदीन सगळे त्याच पोत्यात! एकाच संघटनेवर काम करायचं असेल तर बातम्यांवरून नोंदी करणारं साऊथ एशिया टेररिझम पोर्टल चाळावंच लागेल, मूळ बातमीशी ताडून.

सगळ्यात महागात पडतो तो २५ फेब्रुवारी २०२१. त्या दिवशी दोन्ही सैन्यांनी शस्त्रसंधी पाळायचं पुन्हा जाहीर केलं आणि रेषेवरचा गोळीबार एकदम उतरला. हा सैन्याविरुद्ध सैन्य गोळीबार. घुसखोरांशी होणाऱ्या चकमकी त्यानंतरही झाल्या. दोन्ही एकाच रकान्यात भरले तर तुमच्या आलेखात दहशतवादच ओसरलेला दिसेल, आणि व्हायवात पहिला प्रश्न तोच येईल. कोण विरुद्ध कोण, यासाठी पहिल्या दिवसापासून वेगळा रकाना ठेवा.