टाकीचा पोचा, घरच्या घरी!

जॉब पुण्यात नाहीतर सुरतला, आणि प्रकाशाच्या घरी ओट्यालगत ताडपत्रीखाली बाबांची आरएक्स १००. सुट्टीत गावी गेलं की तिच्यावरून तापीच्या पुलापर्यंत एक चक्कर मस्ट! पण स्टँड सरकून गाडी पडली, हँडल वळून टाकीवर आपटलं, की झालं. भला मोठा पोचा.

ही गाडी भारतात १९८५ ला आली आणि १९९६ ला बंद झाली. म्हणजे टाकीवरचा कंपनीचा रंग एकदा गेला की गेला. गॅरेजमध्ये लांबी भरून, घासून, स्प्रे मारून टाकी चकाचक होईल, पण बाबांनी पुसून पुसून जपलेला रंग त्याखाली गाडला जाईल. म्हणून आधी घरी ट्राय करायचा.

हंड्याचा पोचा तांबट आतून आधार देऊन ठोकतो. टाकीत मात्र हात जातच नाही. सगळी गोची इथेच. त्यामुळे पत्रा बाहेरून ओढायचा. ऑनलाइन मिळणाऱ्या डेंट पुलर किटमध्ये ग्लू गन, प्लॅस्टिकच्या टिकल्या आणि ओढायचा सांगाडा असतो.

पण थांबा! आधी पेट्रोल. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा डेंजर, कारण आत उरते ती वाफ, आणि भडकते तीच. टाकी उतरवा, पेट्रोल काढा, साबणाच्या पाण्याने तीन-चारदा खळबळवा, उघडी ठेवून पूर्ण वाळवा. ग्लू गन टाकीपासून लांबच. गरम ग्लू टिकलीवर लावायचा, टाकीवर नाही.

पोच्याची जागा स्पिरिटने पुसा, टिकली चिकटवा, ग्लू घट्ट झाला की हळूहळू ओढा. एका दमात पोचा निघत नाही. कडेकडून मध्याकडे, दहा-पंधरा वेळा. आणि हो, खान्देशातल्या मे महिन्याच्या दुपारी हा उद्योग नको. पत्रा इतका तापतो की ग्लू मऊच राहतो. सकाळी लवकर, सावलीत बसा. टाकी आधी कधी रंगवली असेल, तर टिकलीबरोबर रंगाचा पापुद्राही येऊ शकतो, हे धरून चला.

हेअर ड्रायरने तापवून थंड स्प्रे मारायची ट्रिक? उथळ, पसरट पोच्यावर क्वचित चालते. टाकीच्या गोलाव्यावर तिच्यात फारसा दम नाही, आणि वाफेजवळ ड्रायर म्हणजे आगीशी खेळ. पंक्चरवाल्याकडची हवा भरून टाकी फुगवायचा सल्लाही कुणीतरी देईलच. ऐकू नका, जोड उसवतो.

पोच्यात धारदार घडी पडली असेल, तर पत्रा ताणला गेलाय. तो घरी पूर्ण सपाट होणार नाही. अशा वेळी मी तर तो पोचा तसाच ठेवीन.

टाकी परत बसवताना पेट्रोल कॉकचा वॉशर नवा टाका. थोडंसंच पेट्रोल भरून तासभर बघा, कुठे थेंब येतोय का. मगच किक!