सभेत तोंड उघडताना

डिलाईल रोडला, म्हणजे आताच्या ना. म. जोशी मार्गावर, बी.डी.डी. चाळींतल्या बायकांच्या चर्चा व्हायच्या त्या नळावर आणि गॅलरीत. पण 160 चौरस फुटांच्या खोलीच्या जागी म्हाडाचे 500 चौरस फुटांचे घर म्हटले की चर्चेची जागाही बदलते, मैत्रिणींनो! लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांचा दरमहा खर्च ठरतो सोसायटीच्या सभेत, आणि बसतो आपल्या घरखर्चावर. तेव्हा "हे जाऊन येतील" म्हणून भागायचे नाही. (आमच्याकडे 'हे' सभेहून येतात ते फक्त सामोशाची चव सांगत!)

आधी सोसायटीत आपले नाव लागले आहे का ते बघा. जो सभासद नाही त्याला मत नाही. वार्षिक सभेची नोटीस पूर्ण 14 दिवस आधी यावी लागते. ती लागली की विषय उतरवून घ्या, शंका चिटणिसांना लेखी द्या आणि पोच मागून घ्या. सभेत एका वेळी एकच मुद्दा. "सगळा घोळ आहे" म्हटले की हशा पिकतो. "पंपाच्या दुरुस्तीचे बिल दाखवा" म्हटले की फाईल उघडावीच लागते. कुणी "वहिनी, तुम्हाला यातलं काय कळतं?" म्हणाले, तर त्यांच्याशी वाद नको. अध्यक्षांकडे पाहून तोच प्रश्न पुन्हा विचारा.

आपला विरोध इतिवृत्तात नावानिशी लिहायला सांगा. पुढच्या सभेत ते वाचले जाईल तेव्हा नीट ऐका. नोंद चुकली असेल तर मंजुरीआधीच हरकत घ्यायची.